'पास आउट'ने तुम्हाला कुठे अडवलं?

परवा भाच्याचा बायोडेटा तपासत होते. 'आय पास्ड आउट इन 2022.' मला हसू फुटलं, तो फुगून बसला. मग त्याला मँचेस्टरचा किस्सा सांगितला. तिथल्या ऑफिसात पहिल्याच आठवड्यात मी म्हणाले, "आय पास्ड आउट फ्रॉम पुणे." शेजारच्या बाईंनी हातातला चहाचा मग खाली ठेवला. "अगंबाई! मग, आता बरं वाटतंय ना?" त्यांच्या लेखी मी पुण्यात चक्कर येऊन पडले होते. पदवी मिळाली तर तिकडे 'ग्रॅज्युएटेड' म्हणतात. तुमचेही किस्से येऊ द्या.

*

चूक म्हणून एकदम निकालात काढू नका. माझं बालपण खडकवासल्याला गेलं, वडील एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, नोकरीला. खेत्रपाल मैदानावरची 'पासिंग आउट परेड' आम्हाला सणासारखी. लष्करी प्रशिक्षण पुरं करणं या अर्थाने ब्रिटिशही 'पास आउट' म्हणतात. आपण तो कॉलेजला लावला, एवढंच. एकदा सरावात एक कॅडेट उन्हाने भोवळ येऊन आडवा झाला. बाबा घरी येऊन म्हणाले, "आज एकजण वेळेआधीच पास आउट झाला." दोन्ही अर्थ मला त्या दिवशी एकदमच कळले.

*

अमेरिकेत तिसराच घोळ. लेक दुसरीत, नुकतीच भारतातून आलेली. बाईंनी कागदांचा गठ्ठा देऊन सांगितलं, "पास दीज आउट." म्हणजे सगळ्यांना वाटून टाक. ही गठ्ठा दाराबाहेर नेऊन ठेवून आली!

*

मराठीत तर ते आता नामच झालंय. 'तो आमच्याच कॉलेजचा पासआउट', '2015चे पासआउट'. आमच्या कॅन्टीनमध्ये कुणी 'पदवीधर' म्हटलं तर लोक मतदारसंघाची निवडणूक आली की काय असं बघतील.

*

मला वाटतं, 'कॉलेजातून बाहेर पडलो' हे आपल्या तोंडी आधीपासून होतंच. परीक्षेतलं 'पास' आणि बाहेरचं 'आउट', दोन्ही चपखल बसले. नुसतं 'पास झालो' म्हटलं तर एखादा पेपर सुटल्यासारखं वाटतं.

*

सगळ्यांचे किस्से भाच्याला वाचून दाखवले. हसला, पण ओळ काही बदलली नाही. अर्ज इथल्याच कंपनीत करायचाय, आणि त्यांच्या फॉर्मवरच रकाना आहे: 'इयर ऑफ पासिंग आउट'.