मदत हवी आहे : पदपथावरील चित्रकाराला कलादालनात प्रदर्शन कसे मिळेल?

मुंबईत काळा घोडा येथे, १९५२ साली सुरू झालेल्या जहांगीर कलादालनाबाहेरच्या पदपथावर चित्रे मांडणाऱ्या एका ज्येष्ठ चित्रकारांची जलरंगातील व्यक्तिचित्रे मला आतील कामांच्या तोडीची वाटतात, आणि ती योग्य प्रकाशात, भिंतीवर लोकांनी पाहावीत अशी माझी मनापासून इच्छा आहे. मात्र त्यांच्याकडे कलाशिक्षणाची पदविका नाही, पूर्वीच्या प्रदर्शनांची यादी नाही, आणि दालनाचे भाडे व फ्रेमिंगचा खर्च त्यांना एकट्याने पेलणारा नाही. (मुंबईतल्याच ससून डॉक या मासळी बंदरावर २०१७ मध्ये भित्तिचित्रांना मोठा प्रेक्षकवर्ग लाभला; कागदावरच्या लहान चित्रांना तशी संधी क्वचितच मिळते.) समूह प्रदर्शनासाठी अर्ज कसा करावा आणि भाड्याऐवजी विक्रीवर कमिशन घेणारी दालने मुंबई-पुण्यात कोणती आहेत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.