व्हॅलोरंट : टीम मॅचमध्ये एकटा उरलो की हात कडक होतो, मदत हवी आहे

मांडवीचा पोरगा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी बडोद्याचा, दांडिया बाजारात राहतो, विद्यापीठात शेवटच्या वर्षाला आहे. आमची पाच जणांची व्हॅलोरंटची (कॉम्प्युटरवरचा गोळीबाराचा गेम) टीम आहे. दिवाळीनंतर एक आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आहे, आणि ती घरून खेळायची नाही, हॉलमध्ये समोरासमोर आहे. म्हणून आत्ताच विचारून ठेवतोय.

घरी रँक्ड (क्रमवारीच्या मॅचेस) खेळताना माझा नेम चांगला असतो. हे मी नाही, टीममधली पोरं म्हणतात. पण टीम मॅच असली, स्कोअर ११-११ झाला, आमचे चौघे मेले आणि मी एकटा उरलो, की बोटं गार पडतात. उजवा खांदा कानापाशी जातो. क्रॉसहेअर (नेमाची खूण) समोरच्याच्या डोक्यावरून पुढे निघून जातं, मी ते मागे खेचतो, तोवर माझा निकाल लागलेला असतो. एरवी दोन-तीन गोळ्या मोजून मारणारा मी, तेव्हा बटण दाबून धरतो आणि अख्खं मॅगझिन भिंतीत रिकामं करतो. त्यात कानात चौघांचा एकदम गलका: "मागे बघ, मागे!" "अरे डिफ्यूज कर!" "वेळ नाहीये!"

गेम माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात: पाच विरुद्ध पाच, आधी १३ राउंड जिंकेल तो जिंकला. हल्ला करणारे स्पाइक नावाचा बॉम्ब लावतात, तो ४५ सेकंदांत फुटतो. तो निकामी म्हणजे डिफ्यूज करायला ७ सेकंद लागतात. साडेतीन सेकंद पूर्ण केले आणि उठावं लागलं, तर तेवढं काम जमा राहतं. म्हणजे हिशोबाने वागायला वेळ असतो, हे मला तोंडपाठ आहे. पण नेमक्या वेळी हिशोब डोक्यातून गायब होतो.

त्या क्षणी नक्की काय करायचं? सरावात असा दाब आणायचा कसा, कारण घरी तो येतच नाही? माउसची सेन्सिटिव्हिटी (हात हलवला की क्रॉसहेअर किती सरकतं ते) कमी केली तर क्रॉसहेअर पुढे जाणं थांबेल का? आणि मॅचआधी एनर्जी ड्रिंक घ्यावं की नाही, यावरून आमच्यात रोज भांडण होतं.

विनंती एकच, "शांत राहा" एवढंच सांगू नका. ते मी स्वतःला सांगत असतो, त्याने जास्तच बिघडतं.

अलकापुरी लोकल

शांत राहा. 😀

चेष्टा केली रे. पण खरंच, गेमच आहे. हरलास तर काय आभाळ कोसळणार आहे?

मांडवीचा पोरगा

हेच बाबा म्हणतात. पण चार जणांनी संध्याकाळच्या शिकवण्या बुडवून सराव केलेला असतो आणि ते चौघे तेव्हा माझा स्क्रीन बघत असतात. आभाळ नाही कोसळत, पण मान वर करून त्यांच्याकडे बघवत नाही.

कारेलीबागकर

माझी पिढी सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून काउंटर-स्ट्राइक हा असाच गोळीबाराचा गेम खेळलेली. तेव्हा हेडफोन एकच कान वाजवायचे आणि मागे नंबर लावून उभी पोरं खुर्चीला लाथा मारायची. त्यामुळे तुझं दुखणं कुठलं आहे ते ओळखीचं आहे.

आधी बोटं गार का पडतात ते. धोका वाटला की शरीर अॅड्रेनलिन सोडतं. छाती धडधडते, बोटांच्या टोकाकडचं रक्त कमी होतं, स्नायू आवळले जातात. पळायचं किंवा मारामारी करायची असेल तर हे उपयोगाचं. माउस दोन मिलिमीटर सरकवायचा असेल तर नाही. तू "शांत हो" म्हटल्याने ते बंद होत नाही, त्याचं बटण तुझ्या हातात नाही. म्हणून धडधड थांबवायच्या मागे लागूच नकोस. धडधड असताना काय करायचं एवढंच ठरवून ठेव.

दुसरं. रॉय बाउमायस्टर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये प्रयोग करून दाखवलं होतं की दाब आला की माणूस स्वतःच्या हालचालीकडे बघायला लागतो, आणि अंगवळणी पडलेलं काम तिथेच बिघडतं. जिना भराभर उतरताना मध्येच "आता कुठला पाय?" असा विचार आला की अडखळायला होतं, तसंच. तू एकटा उरलास की तुझं लक्ष समोरच्या माणसावर नसतं, स्वतःच्या मनगटावर असतं. "हलू नको, हलू नको" असं हाताला सांगतोस ना? तिथेच घोळ आहे.

तेव्हा लक्षाला बाहेरचं काम दे. चौथा मेला रे मेला की पुटपुटायचं, ओठ हलले पाहिजेत: स्पाइक कुठे, वेळ किती, समोर किती. "बी साइट (स्पाइक लावायची एक जागा), तीस, दोघे." बास. मग एकच निर्णय, जायचं की बंदूक वाचवून पुढच्या राउंडला ठेवायची. जायचं ठरलं तर दोघांशी एकदम भिडायचं नाही, कोपरा असा धर की एका वेळी एकच दिसेल. हातात हे काम असलं की मनगट त्याचं त्याचं चालतं, ते घरी चालतंच की.

श्वासाबद्दल सगळे सांगतात, पण वेळ चुकीची सांगतात. एकटा उरल्यावर पोट फुगवत बसायला फुरसत कुठे? श्वास घ्यायचा तो राउंडच्या आधी, बंदुका खरेदी करायच्या ३० सेकंदांत. बंदूक घेतली, हात माउसवरून उचलायचा, खांदे मुद्दाम खाली सोडायचे, नाकाने श्वास घेऊन तोंडाने सावकाश सोडायचा, घेतला त्याच्या दुप्पट वेळ. दोनदा पुरे. पण पहिल्या राउंडपासून प्रत्येक वेळी. ११-११ला एकदम सुरू केलंस तर शरीराला कळतंच की आता काहीतरी भयंकर आहे.

सेन्सिटिव्हिटीला हात लावू नकोस. क्रॉसहेअर पुढे जातं ते खांदा आवळल्यामुळे, सेटिंगमुळे नाही. आपला कोल्हापूरचा स्वप्निल कुसाळे १ ऑगस्ट २०२४ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ घेऊन आला, ४५१.४ गुण. त्याने नंतर सांगितलं की हृदय जोरात धडधडत होतं, श्वास सांभाळला आणि वेगळं काही करायला गेलो नाही. ऑलिंपिकच्या फायनलला वेगळं काही न करणं ही केवढी गोष्ट आहे बघ.

सरावाचं उद्या सांगतो, घरून जेवायला हाक येतेय.

ठेका आणि तिहाई

मी गेमिंगमधली नाही, तबला वाजवते. गवई मौलाबक्षांनी १८८६ मध्ये सुरू केलेली गायनशाळा पुढे आपल्या विद्यापीठाचं संगीत महाविद्यालय झाली, तिथेच शिकले. गार बोटं हा आमचा रोजचा विषय आहे बरं का. एसीच्या हॉलमध्ये तर विचारूच नका.

तुझ्या स्पर्धेच्या हॉलमध्येही एसी असणार, आणि तुमचा नंबर येईपर्यंत तासभर बसवून ठेवणार. थर्मासमध्ये गरम पाणी ने आणि तो पेला दोन्ही हातांत धरून बस. मनगटापासून कोपरापर्यंत चोळ, नुसती बोटं चोळून भागत नाही, रक्त वरून येतं. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाल. खेळायला बसायच्या आधी पाच-दहा मिनिटं हात चालता राहील असं काहीतरी कर, मी मांडीवर बोल वाजवत बसते. आणि लवकर जाऊन टेबल-खुर्चीची उंची बघून ये. घरची खुर्ची उंच आणि तिथली खोल असली की खांदा आपोआप वर जातो, आणि आपल्याला वाटतं आपण घाबरलोय.

आणखी एक. हार्वर्डच्या अॅलिसन वुड ब्रूक्स यांचा २०१४चा अभ्यास आहे. गाणं, भाषण किंवा गणिताच्या परीक्षेआधी काही जणांना "मी शांत आहे" म्हणायला लावलं, काही जणांना "मला उत्साह वाटतोय". दुसऱ्या गटाचं काम चांगलं झालं. धडधड दोन्हींत तीच असते, म्हणून तिचं नाव बदलणं सोपं जातं. मी विंगेत उभी राहून "चला, आता मजा येणार" म्हणते. आधी वेड्यासारखं वाटायचं, आता सवय झालीय.

अलकापुरी लोकल

माझ्या भावाचा मित्र इंटरव्ह्यूआधी धडधड कमी करायची एक गोळी घेतो. अर्ध्या तासात हात स्थिर. नाव विचारून सांगू का?

घरचा डॉक्टर

नका सांगू. ती बहुधा बीटा ब्लॉकर असणार. दम्याच्या माणसाने घेतली तर श्वासनलिका आवळू शकते, नाडी आणि रक्तदाब उतरतो, चक्कर येते. डॉक्टरने तपासल्याशिवाय घ्यायची गोष्ट नाही ती. शिवाय नेमबाजी आणि तिरंदाजीत याच गोळ्यांवर बंदी आहे. गेमिंगमध्येही २०१५ मध्ये एका काउंटर-स्ट्राइक खेळाडूने मोठ्या स्पर्धेत टीमने अॅडरॉल हे उत्तेजक औषध घेतल्याचं सांगितल्यावर आयोजकांनी उत्तेजक द्रव्यांच्या चाचण्या आणल्या.

एनर्जी ड्रिंकचं भांडण मिटवतो. त्यात कॅफीन असतं. ज्याचा हात आधीच थरथरतोय त्याने ते मॅचच्या तोंडावर पिणं म्हणजे धडधडीला निमंत्रण. रोज सकाळी चहा घेत असशील तर तेवढा घे, तो बंद करून डोकेदुखी मागे लावून घेऊ नकोस. उपाशी बसू नकोस आणि जड खाऊनही नको.

एक विचारतो: हे फक्त मॅचलाच होतं, की परीक्षेत, गाडी चालवताना, रात्री झोपेतही छाती धडधडते? बाकी वेळीही होत असेल तर गेम बाजूला ठेव आणि कुणाला तरी दाखव.

मांडवीचा पोरगा

डॉक्टरकाका, फक्त मॅचलाच होतं. परीक्षेला तर मी इतका निवांत असतो की आईला त्याचीच काळजी वाटते.

ताई, खुर्चीचं कधी डोक्यातच आलं नव्हतं. उद्याच बघून येतो. कारेलीबागकर दादा, सरावाचं राहिलंय.

कारेलीबागकर

हो, सांगतो. घरी दाब येत नाही कारण घरी काही जात नाही. तेव्हा काहीतरी गेलं पाहिजे, थोडंसंच, पण खरं. कस्टम गेममध्ये (आपली आपण लावलेली मॅच) राउंड थेट तिथून सुरू करा जिथे स्पाइक लागलाय, तू एकटा आहेस आणि समोर दोघे. बाकीचे दोघे तुझ्या खुर्चीमागे उभे राहून स्क्रीन बघणार, शेरे मारणार. हरलास तर सगळ्यांची सेव उसळ तुझ्याकडून, जिंकलास तर त्यांच्याकडून. लारीवरची, हॉटेलातली नको, नाहीतर महिनाअखेर घरून पैसे मागायला लागतील. पण पाळी सगळ्यांवर आली पाहिजे, एकट्या तुझ्यावर नाही. तुझ्या टीममधल्या ओरडणाऱ्यांनाही कळू दे खुर्चीत कसं वाटतं.

आणि शक्य तेव्हा सराव कॅफेत करा. अनोळखी कीबोर्ड, मागे अनोळखी माणसं, शेजारी कुणीतरी मोठ्याने फोनवर. स्पर्धेत हेच असतं.

स्ट्रीट फायटर या मारामारीच्या गेमचा २००४चा तो व्हिडिओ पाहिला असशील, डायगो उमेहाराची एका ठोशाइतकी शक्ती उरलेली आणि जस्टिन वाँगचा पूर्ण हल्ला तो एकेक करत अडवतो, मागे लोक किंचाळताहेत. सगळे म्हणतात काय थंड डोकं! ते आहेच. पण ती चाल त्याच्या बोटांत बसलेली होती म्हणून डोकं थंड राहू शकलं. आणि ती स्पर्धा तो जिंकला नव्हता, फायनलला हरला. हे व्हिडिओ दाखवणारे सांगत नाहीत.

मांडवीचा पोरगा

अपडेट. रविवारी तुम्ही सांगितलं तसं खेळलो. "बी साइट, तीस, दोघे" म्हणायला पहिल्यांदा हसू आलं, नंतर जमलं. हात अजून गार पडतात, पण क्रॉसहेअर पुढे जाणं कमी झालं. सगळे क्लच (एकटा उरल्यावरचे राउंड) जिंकलो असं अजिबात नाही, पण भिंतीत मॅगझिन रिकामं नाही केलं. खांदे सोडायचं मात्र तिसऱ्या-चौथ्या राउंडनंतर विसरतो, म्हणून आमच्यातल्या एकाला दर खरेदीच्या वेळी "खांदे" एवढंच म्हणायला सांगितलंय.

आता उरलेली अडचण आमच्या एका भिडूची. मेल्यावर बोलायचं नाही हे त्याला मान्य आहे, पण होत नाही त्याच्याकडून. मला पावलांचा आवाज ऐकायचा असतो आणि हा कानात "अरे अरे अरे" करत असतो. स्वभावाने चांगला आहे, टीममधून काढायचं नाही. काय करू?

कारेलीबागकर

गप्प बस म्हणू नकोस, तुला "शांत राहा" म्हटल्यावर काय झालं ते माहीत आहे ना. त्याला काम दे. स्पाइक लागला की वरचं घड्याळ जातं, किती सेकंद उरले ते आकड्यात दिसत नाही, नुसता बीप जलद होत जातो. मग मोजायचं कुणी? त्याने. मेल्यावर त्याचं काम एकच, लागल्यापासून मनात मोजायचं आणि फक्त "वीस", "तीस", "पस्तीस" म्हणायचं. ३८ झाले की "आता". त्यानंतर सुरुवातीपासून डिफ्यूज करायला वेळ पुरत नाही, आधीचं अर्धं झालेलं असेल तरच. मोजणाऱ्याला ओरडता येत नाही.

फक्त आयोजकांना आधी विचारून घे, मेलेल्या खेळाडूला बोलायची परवानगी आहे ना, आणि स्वतःचा माउस आणता येतो का तेही.

मांडवीचा पोरगा

माउस चालेल म्हणाले, बोलायचं लेखी कळवतो म्हणाले. भिडूला काम सांगितलं तर तो भलताच खूश आहे, कालपासून जिन्यात, लिफ्टमध्ये, सगळीकडे ४५ मोजत फिरतोय.