मदत हवी आहे: झावळ्यांच्या रविवारी (पाम संडे, येशूच्या यरुशलेम प्रवेशाची आठवण) कडुलिंबाच्या डहाळ्या चालतील का?

जालना तालुक्यात आमची तीसेक घरांची ख्रिस्ती मंडळी. आजोबा ओढ्यावरून शिंदीच्या झावळ्या आणायचे (शिंदी म्हणजे खजुरीचीच बहीण!), पण तिथं आता एकही शिंदी उरली नाही. मागच्या खेपेला शहरातून नारळाच्या झावळ्या आणल्या. ओल्या पोत्यात गुंडाळूनही उपासनेआधीच कोमेजल्या. प्लास्टिकच्या नकोत, कारण पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारी (उपवासकाळाचा पहिला दिवस) कपाळाला राख लावायला त्याच जाळतो. लिंबाला तेव्हा कोवळी पालवी असते. बायबलमध्ये या प्रसंगात खजुरीचं नाव फक्त योहान १२:१३ मध्ये आहे. मत्तय, मार्क नुसत्या डहाळ्या म्हणतात. पाळकसाहेबांची हरकत नाही, जुनी माणसं मात्र अडून बसलीत. मराठवाड्यात कुठल्या मंडळीनं लिंब वापरलाय का, आणि त्याची राख कपाळावर नीट बसते का?