एक्स्टेंडेड वॉरंटी: फ्रीज गेला, व्हाउचर आलं

सिंहगडरोडी (धागाकर्ता):

२०२१ च्या दिवाळीत डबल डोअर फ्रीज घेतला, ३८,५०० चा. कंपनीची एक वर्षाची वॉरंटी, कॉम्प्रेसरवर दहा वर्षं. काउंटरवरच्या मुलाने "सर, पुढची तीन वर्षं बिनधास्त" म्हणत आणखी ३,८५० ची एक्स्टेंडेड वॉरंटी गळ्यात मारली. मारली म्हणजे मीच घेतली, उगाच त्याला कशाला बोल लावा.

२०२५ च्या एप्रिलमध्ये खालच्या कप्प्यातलं दूध नासायला लागलं. पहिला माणूस आला, फ्रीझरचं आतलं पॅनल काढलं आणि मला बोलावून दाखवलं: कॉइलच्या वरच्या दोन ओळींवर पांढरा बर्फ, खालच्या सगळ्या ओळी ठणठणीत कोरड्या. "गॅस कमी झालाय." गॅस भरला, गेला. एकोणिसाव्या दिवशी पुन्हा दूध फाटलं. दुसरा आला, त्याने बोर्ड बदलला. का बदलला ते त्यालाच माहीत. तिसरा म्हणाला, लीक बॉडीच्या आत फोममध्ये आहे, खोलता येणार नाही.

मग मेल: दुरुस्ती परवडण्याजोगी नाही, रिप्लेसमेंट मंजूर. घरात पेढे वाटायचेच बाकी होते. रिप्लेसमेंट म्हणजे १९,२५० चं व्हाउचर, त्याच दुकानात तीन महिन्यांत वापरायचं, वर जुना फ्रीज ते घेऊन जाणार. चौथ्या वर्षी घसारा ५० टक्के, असं अटींत बारीक अक्षरात होतं. तसाच फ्रीज आता ४४ हजार. या सगळ्या भानगडीत सव्वीस दिवस आमचा आमरस तीन शेजाऱ्यांच्या फ्रीजमध्ये वाटून ठेवलेला होता.

मग बसून हिशोब केला. फ्रीज, मायक्रोवेव्ह, डिशवॉशर, चिमणी, आरओ, मिक्सर या सगळ्यांच्या वॉरंट्या आणि एएमसीवर (वर्षाच्या देखभाल करारांवर) पाच वर्षांत ३१ हजार गेले. व्हाउचर धरून परत आलं २६ हजारांचं काम. माझं मत पक्कं झालंय: हे पैसे दर वस्तूमागे वेगळ्या खात्यात टाकावेत आणि बिघडेल ते आपल्या माणसाकडून दुरुस्त करून घ्यावं.

पेठेतली_मावशी:

अहो सिंहगडरोडी, ३१ गेले, २६ आले. म्हणजे पाच वर्षांत पाच हजार, महिन्याला त्र्याऐंशी रुपये. त्यासाठी एवढा धागा?

आता माझं ऐका. मी बँकेतून निवृत्त, मिस्टरांना पार्किन्सन्स, मुलगी बंगळुरात. माझ्या मायक्रोवेव्हचा मॅग्नेट्रॉन, म्हणजे अन्न तापवणारा मुख्य भाग, गेला तो फुकट बदलून मिळाला, डिशवॉशरचा बोर्ड फुकट बदलून मिळाला. पण मी त्याचे पैसे मोजलेच नव्हते. मी मोजले होते एका फोन नंबरचे. तुमचा "आपला माणूस" मला तीन वेळा "उद्या येतो मावशी" म्हणाला आणि चौथ्या दिवशी त्याने फोन उचलणंच बंद केलं. कंपनीवाला उशिरा का होईना, आला. तक्रारीचा नंबर असतो, ओरडायला जागा असते.

आणि घसाऱ्याची अट घेताना वाचायची असते. काउंटरवर कागद मागून, चष्मा लावून, उभ्याने. मागे रांग झाली तर झाली.

मिसळप्रेमी:

धागाकर्त्याला +१. आमच्या मिक्सरवर दोन वर्षं वॉरंटी, मोटरवर पाच. गेलं काय, तर जारखालचा कपलर आणि बुश. दोन्ही "कन्झ्युमेबल", म्हणजे वॉरंटीबाहेर. तापकीर गल्लीत जार घेऊन गेलो, दहा मिनिटांत बसवून दिलं, वर त्याने जुनं पातं घासून दिलं. मिक्सरमध्ये मोटर जळते किती वेळा आणि कपलर झिजतो किती वेळा, सांगा.

पाना_पक्कड:

मी सतरा वर्षं फ्रीज-एसीच्या लाईनीत आहे, त्यातली सहा कंपनीच्या ऑथोराइज्ड सेंटरला काढली. आतली गोष्ट सांगतो.

हल्लीच्या बहुतेक घरगुती फ्रीजमध्ये आर-६००ए गॅस असतो, म्हणजे आयसोब्युटेन, पेट घेणारा. पूर्ण भरणा शंभर ग्रॅमसुद्धा नसतो, आकडा मागच्या पट्टीवर छापलेला असतो. एवढासा गॅस असल्यामुळे दहा-पंधरा ग्रॅम कमीजास्त झाला तरी कूलिंग बिघडतं. नीट करायचं तर आधी लीक शोधायचं, ड्रायर (पाइपातला ओलावा शोषणारी गाळणी) बदलायचा, अर्धा-पाऊण तास व्हॅक्यूम मारायचा आणि मग काट्यावर वजन करून गॅस सोडायचा. अर्धा दिवस जातो. आम्हाला पैसे मिळायचे कॉलमागे. दिवसाला सात-आठ कॉल असले की माणूस काय करतो? गॅस मारतो, हॅपी कोड (काम झालं म्हणून गिऱ्हाईक सांगतं तो नंबर) घेतो, कॉल क्लोज. तुमच्याकडे पहिल्यांदा तेच झालं. कॉइलवर दोनच ओळी बर्फ म्हणजे गॅस कमी, हे त्याने बरोबर ओळखलं, पण गॅस गेला कुठे हे बघितलंच नाही. बंद पाइपातला गॅस आपोआप संपत नसतो.

आता जरा बोचेल असं. लीक फोममधल्या गरम पाइपात असेल, तर तो पाइप बायपास करून मागे बाहेरून कंडेन्सर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी जाळी, टाकता येतो. चार-पाच हजारांचं काम. थंड बाजूच्या गाडलेल्या पाइपात असेल तर मात्र नाद सोडायचा. तुमच्याकडे नेमकं कुठे होतं, हे कुणी सांगितलं का? आणि फ्रीज तर तुम्ही देऊन टाकलात.

सिंहगडरोडी:

नाही सांगितलं. मीही नाही विचारलं. टेम्पोवाल्याला फ्रीज उचलायला हात मात्र मीच लावला.

पाना_पक्कड:

ते "दहा वर्षं कॉम्प्रेसर" पण लक्षात घ्या लोकहो. दहा वर्षं फक्त त्या डब्याला. गॅस, ड्रायर, मजुरी, इन्व्हर्टरचा बोर्ड हे सगळं बहुतेक कंपन्यांत पहिल्या वर्षानंतर तुमच्या खिशातून. कॉम्प्रेसर फुकट येतो आणि बिल चार हजारांचं येतं. मग लोक आमच्यावर डाफरतात.

कोथरूड_ते_डॅलस:

आमच्याकडे अमेरिकेत याच्या पुढची पायरी आहे. होम वॉरंटी म्हणून वर्षाचा करार असतो, त्यात फ्रीज, ओव्हन, डिशवॉशर, नळजोडणी, एसी असं अख्खं घर येतं. घर विकणारा कधीकधी घेणाऱ्याला पहिल्या वर्षाची घेऊन देतो. ऐकायला झकास. पण प्रत्येक तक्रारीला सर्व्हिस फी वेगळी, साधारण ७५ ते १२५ डॉलर. माणूस बहुधा ते ठरवतील तो. प्रत्येक वस्तूला खर्चाची मर्यादा. बिघाड कराराच्या आधीपासून होता किंवा देखभाल नीट केली नव्हती असं त्यांनी म्हटलं की विषय संपला. नवं देण्याऐवजी पैसे घ्या म्हणाले, तर ते त्यांना ज्या भावात वस्तू पडते त्या हिशेबाने. आपल्याला दुकानात त्यात ती मिळत नाही.

माझ्या डिशवॉशरच्या वेळी माणूस आला, दारातूनच म्हणाला, तळाशी क्षार साचलेत, देखभाल नाही. फी माझी, दुरुस्तीही माझी. तेव्हा व्हाउचर मिळालं याचं एवढं वाईट वाटून घेऊ नका.

पेठेतली_मावशी:

म्हणजे तिकडेही रड तीच, फक्त डॉलरमध्ये.

हिंजवडी_फेज३:

आमची तऱ्हा वेगळीच. फ्लॅटमध्ये बिल्डरने मॉड्युलर किचन दिलं, हॉब (ओट्यात बसवलेली शेगडी) आणि चिमणीसकट. ताबा मिळाल्यावर आठव्या महिन्यात चिमणीची मोटर घरघरायला लागली. कंपनीला फोन केला तर म्हणे वॉरंटी संपली. कशी? तर बिल बिल्डरच्या नावाने, आणि वॉरंटी बिलाच्या तारखेपासून. त्याने चारशे चिमण्या एकदम उचलल्या आणि त्या दीड वर्ष गोडाऊनमध्ये पडून होत्या. आम्ही एक पोळी भाजायच्या आधीच वॉरंटी संपलेली. बिल्डर म्हणतो कंपनीशी बोला, कंपनी म्हणते बिल्डरशी बोला.

वकीलीण_काकू:

रेरा, म्हणजे बिल्डरांवरच्या कायद्याच्या, कलम १४(३) प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामातला, कारागिरीतला, दर्जातला किंवा सेवासुविधांतला दोष कळवला, तर बिल्डरने तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. चिमणी त्यात बसते का यावर वाद घालायला जागा आहे, निकालाची हमी मी देणार नाही. आधी करारनामा काढा आणि सुविधांच्या परिशिष्टात हॉब-चिमणी लिहिलीय का बघा. असेल तर पत्र बिल्डरला पाठवा, पोच घेऊन. कंपनीच्या मागे धावण्यात दिवस घालवू नका, तुमचा करार बिल्डरशी आहे.

सिंहगडरोडी, तुमच्याबद्दल. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही, तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते, मुदत दोन वर्षं. घसाऱ्याची अटच अन्यायकारक आहे असं म्हणायचं असेल, तर २०१९ च्या कायद्यात तो मुद्दा जिल्हा आयोगासमोर चालत नाही, राज्य आयोगाकडे जावं लागतं. एका फ्रीजसाठी ते कुणी करत नाही. तुमची जमेची बाजू वेगळी आहे: पहिल्या भेटीत लीक न शोधता गॅस भरला, ही सेवेतली त्रुटी. तीनही भेटींच्या जॉबशीट आहेत का? आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, बऱ्याच कंपन्या तिथेच नरमतात.

सिंहगडरोडी:

एक जॉबशीट आहे. बाकी दोन वेळा नुसता हॅपी कोड मागितला, दिला.

वकीलीण_काकू:

छान. म्हणजे "काम समाधानकारक झालं" असं दोनदा तुम्हीच लिहून दिल्यासारखं. काम बघितल्याशिवाय तो कोड द्यायचा नाही. फ्रीजच्या बाबतीत तर दुसऱ्या दिवशी.

पाना_पक्कड:

काकू, कोड मिळाला नाही तर त्या पोराचा कॉल ओपन दिसतो, त्याचे पैसे अडकतात. दोन्ही बाजूंनी बघा.

गणितवेडा:

तत्त्व सोपं आहे. ज्या नुकसानीने आपण मोडून पडू त्याचाच विमा घ्यावा. हॉस्पिटल, घर, कमावता माणूस. मिक्सर-मायक्रोवेव्हने कुणी मोडून पडत नाही. तिथे वॉरंटी घेणं म्हणजे दुकानदाराला नफा नेऊन देणं. धागाकर्त्याचं वेगळं खातं हाच शहाणपणा.

वारज्याची_वैशाली:

"कुणी" म्हणजे कोण, गणितवेडा? आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताई स्वतःच्या घरीही डब्यांच्या ऑर्डरी घेतात. त्यांनी फ्रीज हप्त्यावर घेतला. त्याचा सात हजारांचा बोर्ड गेला तर त्यांचा महिना मोडतो. तुमच्याच तत्त्वाने वॉरंटीची गरज त्यांना आहे, तुम्हाआम्हाला नाही.

आता पुढचं ऐका. त्यांनी "वॉरंटी नको" म्हटलं होतं तरी हप्त्यात ती घातलेली होती. मी बिल बघितलं म्हणून कळलं, वेगळी ओळ होती. बरं, घातली तर घातली. पण ज्या मोबाईल नंबरवर ती नोंदवली तो दुकानातल्या पोराचा. उद्या क्लेम करायचा झाला तर ओटीपी जाणार त्याच्याकडे. दोन शनिवार दुकानात जाऊन नंबर बदलून घेतला. ज्याला गरज आहे त्याच्याच हातात कागद नसतो. तुमच्या वेगळ्या खात्याचा सल्ला त्यांना द्या बघू, हसतील.

गणितवेडा:

मुद्दा मान्य. "कुणी" मागे घेतो. तरी माझ्यासाठी उत्तर बदलत नाही.

पर्वतीचा_पाणीवाला:

धागाकर्त्याच्या ३१ हजारांत आरओचं एएमसी किती? माझा अंदाज, निम्म्याहून जास्त. सिंहगड रोडला खडकवासल्याचं मऊ पाणी येत असताना आरओ कशाला? टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ५०० च्या खाली असेल तिथे आरओवर बंदी आणा, असं हरित लवादाने २०१९ मध्येच सांगितलं होतं. साधा यूव्ही, म्हणजे किरणांनी जंतू मारणारा, पुरतो. मशिनच नको तिथे वॉरंटीचा वाद कसला.

वाघोलीकर:

तुम्हाला खडकवासला लखलाभ. आम्ही टँकर पितो. आरओवर चर्चा हवी तर वेगळा धागा काढा.

सिंहगडरोडी:

आरओचे १८ हजार, अंदाज बरोबर. ते काढले तर उरलेल्या पाच वस्तूंचा हिशोब उलटा, माझ्या बाजूने फायद्यात जातो हे आत्ता लक्षात आलं. मावशींनी हसू नये.

१९१५ वर नोंद केली. व्हाउचर वापरून नवा फ्रीज मागेच आणलाय. काउंटरवरच्या मुलाने एक्स्टेंडेड विचारलं, अटींचा कागद मागितला, चष्मा लावून उभ्याने वाचला. घसारा तोच. नाही घेतली.

पेठेतली_मावशी:

हसत नाहीये. आणि बाकीच्या वस्तूंचं काय करणार?

सिंहगडरोडी:

माझ्या घरातल्या सगळ्या बंद करणार. आई धायरीला एकटी राहते, तिच्याकडच्या फ्रीजची आणि आरओची काल रिन्यू केली. कारण विचारू नका.

पेठेतली_मावशी:

विचारत नाही. पावतीचा आजच फोटो काढून ठेवा, तो थर्मल कागद असतो, वर्षभरात कोरा होतो.