मदत हवी आहे : मार्केटिंग टीमची सगळी माहिती एका जागी कशी ठेवावी?

नमस्कार मंडळी. आमची मसाले-लोणच्यांची छोटी कंपनी, मार्केटिंगला आम्ही सहा जण. गेल्या आठवड्यात छपाईवाल्याला लेबलची जुनी फाइल गेली. नावं अशी: 'लेबल_फायनल', 'लेबल_फायनल_नवीन', 'लेबल_हेच_घ्या'. 'हेच घ्या' नेमकी जुनी निघाली! त्यात १४ आकडी एफएसएसएआय नंबरही (खाद्य परवान्याचा) आधीचाच. नशीब, प्रूफ बघताना लक्षात आलं.

बाकी माहितीची तीच गत. दिवाळीच्या जाहिरातींचे आकडे एकाच्या लॅपटॉपवर, फोटो व्हॉट्सअॅपवर, दुकानदारांना काय कबूल केलंय ते सेल्सच्या दादांच्या डोक्यात. शिवाय गूगल ड्राइव्हवरच्या बऱ्याच फाइल्स नोकरी सोडून गेलेल्या मुलीच्या खात्यावर आहेत. त्यामुळे शेअर्ड ड्राइव्ह घ्यायचं जवळपास ठरलंय, तिथे फाइलची मालकी टीमची राहते.

प्रश्न पुढचा आहे. फोल्डर कॅम्पेनप्रमाणे करावेत की प्रॉडक्टप्रमाणे? सोबत नोशनसारखं नोंदी ठेवायचं अॅप लागेल, की एक साधी अनुक्रमणिकेची शीट पुरे? आणि जुनं काढून टाकायचं काम कुणाकडे द्यावं? मागे एकदा विकी (सगळ्यांनी मिळून भरायची माहितीची पानं) केली होती, दोन महिन्यांत तिच्यावर धूळ बसली. ज्यांच्याकडे हे खरंच चालू आहे, त्यांनी कृपया सांगा.