मायामी बीच: आधी संग्रहालय, मग समुद्र

विषय: डिसेंबरची सुट्टी, साउथ बीच

नमस्कार मंडळी,
दोन कुटुंबं मिळून मायामी बीच शहराच्या दक्षिण टोकाला, म्हणजे साउथ बीचला, तीन रात्री राहणार आहोत, बरोबर तीन मुलं. ज्यू म्युझियम ऑफ फ्लोरिडाला अर्धा दिवस ठेवावा का? आणि मुलांना घेऊन समुद्रावर कुठे बसावं?

उत्तर: विषय: डिसेंबरची सुट्टी, साउथ बीच

नमस्कार ताई,
दोन तास पुरतील, पण ते पहिल्याच दिवशी द्या. त्यानंतर सगळा साउथ बीच वेगळा दिसतो. सुरुवातीच्या काळात ज्यूंना पाचव्या रस्त्याच्या उत्तरेला जागा मिळत नसे, जमिनीच्या करारांतच तशी अट घातलेली असे. म्हणून वस्ती दक्षिण टोकाला झाली आणि मायामी बीचचं पहिलं सिनेगॉगही (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) १९२९ साली इथेच, वॉशिंग्टन अव्हेन्यूवर उभं राहिलं. ते अपुरं पडल्यावर १९३६ साली शेजारीच दुसरं बांधलं. त्याचा वास्तुकार हेन्री होहाउसर. तुम्ही ज्या आर्ट डेको (१९३०च्या सुमाराची वास्तुशैली) हॉटेलांचे फोटो काढाल, त्यांतली कितीतरी त्याचीच. संग्रहालय आज या दोन्ही इमारतींत आहे.

मोठ्या इमारतीत तांब्याचा घुमट, संगमरवरी बिमा (ज्यूंचा धर्मग्रंथ तोरा वाचायचा चौथरा) आणि सुमारे ८० रंगीत काचेच्या खिडक्या आहेत. ऊन असताना जा, ढगाळ दिवशी काचा मंद दिसतात. खिडक्यांखालची देणगीदारांची नावं वाचा, एकीवर माफियातल्या मेयर लॅन्स्कीचं नाव आहे. आठवड्यातले काही दिवस आणि ज्यू सणांना बंद असतं. हनुक्का बहुधा डिसेंबरातच येतो, तेव्हा जायच्या आदल्या दिवशी वेळ तपासा.

गाडी हॉटेलवरच ठेवा. पार्किंग शोधण्यात वेळ जातो, आणि शहराची ट्रॉली फुकट आहे.

उत्तर: विषय: डिसेंबरची सुट्टी, साउथ बीच

थोडी भर घालतो. समुद्र आधी ठेवलात तर ओले कपडे आणि वाळू घेऊन मुलं थंडगार एसीत कुडकुडतील. म्हणून संग्रहालय सकाळी, मग तिसऱ्या रस्त्याने पूर्वेला कॉलिन्स आणि ओशन ड्राइव्ह ओलांडलं की वाळूच.

जीवरक्षकाच्या मनोऱ्यासमोरच बसा आणि झेंडा बघा. पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे धोक्याचा समुद्र, दोन लाल म्हणजे पाण्यात उतरायला बंदी. जांभळा म्हणजे डंख करणारे जीव. हिवाळ्यात पूर्वेचा वारा सुटला की निळ्या फुग्यासारखे 'मॅन ओ' वॉर' (जेलीफिशसारखे समुद्री जीव) किनाऱ्याला लागतात. वाळूवर मेलेले दिसले तरी त्यांच्या तंतूंचा डंख बसतो, आणि मुलं नेमकी तेच उचलायला जातात. पाण्याच्या ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे झगडत येऊ नका. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर निघा, मग आत या.

चारनंतर साउथ पॉइंट पार्कला चालत जा. पोर्टमधून सुटलेली क्रूझ जहाजं तिथल्या कालव्यातून अगदी जवळून जातात. वाटेत जोज स्टोन क्रॅब हे खेकड्यांचं रेस्टॉरंट लागेल. १९१३ साली ते सुरू करणारे जो वाइस हे इथल्या पहिल्या ज्यू रहिवाशांपैकी, आणि खेकडा तर ज्यू आहारनियमांत निषिद्ध! या खेकड्यांचा हंगाम १५ ऑक्टोबर ते १ मे. फक्त नांगी काढून खेकडा पुन्हा पाण्यात सोडतात, नांगी परत वाढते.

मुलांना संग्रहालयात मेझुझा दाखवायला विसरू नका, धर्मग्रंथातल्या ओळी ठेवलेली दाराच्या चौकटीवरची ती छोटी डबी. अलिबाग-रेवदंड्याकडच्या बेने इस्राएल (कोकणातले ज्यू) घरांच्या दारांवरही तीच असते. शनिवारी घाणा बंद ठेवणारे 'शनिवार तेली' म्हणजे हेच लोक, असं सांगितलंत की मुलांना धागा लगेच सापडेल.