गोष्ट एकीकडे आणि कोडं दुसरीकडे असेल तर तो गेम मला नको

उगाच_एक:
कन्सोलवर (टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र) गोष्टवाला गेम सुचवा म्हटलं की तीच चार-पाच नावं येतात. द लास्ट ऑफ अस, अनचार्टेड, गॉड ऑफ वॉर, डेट्रॉइट, संपली यादी. वाईट आहेत असं नाही म्हणत मी, लास्ट ऑफ अस (२०१३) तर दोनदा पूर्ण केलाय, पण त्यात कोडं म्हणून काय आहे सांगा बघू. शिडी उचल, तिकडं लाव. सोबतच्या एलीला पोहता येत नाही, मग पाण्यातून लाकडाची फळी ढकलत आण, तिला वर बसव, पलीकडं सोड. तिसऱ्यांदा फळी दिसली तेव्हा मी हात जोडले. ते कोडं नाहीये, दोन कटसीनच्या (नुसत्या बघायच्या दृश्यांच्या) मध्ये हाताला दिलेलं काम आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की कोडं सुटणं आणि गोष्ट कळणं ही एकच गोष्ट पाहिजे. रिटर्न ऑफ द ओब्रा डिन घ्या, लुकस पोप नावाच्या एका माणसाने बनवलेला, पीसीवर २०१८ ला आला आणि पुढच्या वर्षी कन्सोलवर. ईस्ट इंडिया कंपनीचं बेपत्ता झालेलं जहाज १८०७ मध्ये परत येतं, वर एकही माणूस जिवंत नाही, आणि तुम्ही विम्याचे इन्स्पेक्टर. हातात एक घड्याळ, प्रेताजवळ उघडलं की त्या माणसाच्या मरणाचा क्षण दिसतो, गोठलेला. जहाजावरचे एकूण ६० जण, प्रत्येकाचं नाव काय आणि तो कसा मेला (किंवा नाही मेला) हे वहीत भरायचं. बोलण्याची ढब, कपडे, कोण कुणाच्या शेजारी उभं आहे, एवढ्यावरनं. आणि तीन जणांचं बरोबर आलं तरच गेम ते पक्कं करतो, त्यामुळे अंदाजपंचे ठोकत बसता येत नाही. त्या जहाजावर काय झालं हे तुम्हाला कुणीच सांगत नाही, तुम्हीच ते जुळवता. आता यातून कोडं काढून दाखवा, गोष्टच उरणार नाही.

दुसरा आउटर वाइल्ड्स (२०१९). यान घेऊन ग्रहांवर फिरायचं, २२ मिनिटांनी सूर्य फुटतो आणि तुम्ही परत सुरुवातीला. शस्त्र नाही, लेव्हल नाही, शेवटपर्यंत नवीन ताकद मिळत नाही, मिळते ती फक्त माहिती. म्हणजे पहिल्याच मिनिटापासून शेवट गाठता येतो, फक्त कसा ते माहीत नसतं. याला म्हणतात गोष्टवाला गेम, बाकीच्या वेब सिरीज आहेत, मध्ये मध्ये बटन दाबायला लावणाऱ्या. या, भांडा.

निवांत_रविवार:
आलो भांडायला. भाऊ, दिवसभर ऑफिसात मी दुसऱ्यांनी घातलेली कोडीच सोडवत असतो, रात्री जेवण झाल्यावर एक तास मिळतो, त्यात तू मला सांगणार वही काढ आणि ६० मेलेल्या माणसांची नावं लिही. तुझा आउटर वाइल्ड्स मी दोनदा सुरू केला आणि दोनदा सोडला, पहिल्यांदा कारण ऑटोपायलट लावून नकाशा बघत बसलो आणि त्याने यान सरळ सूर्यात घातलं. दुसऱ्यांदा एका ग्रहावर भिंतीवरचं वाचत होतो, वाचून व्हायच्या आत सूर्यच फुटला. आठवडाभराने परत उघडला तेव्हा मी काय शोधत होतो हेच आठवेना.

कोडं नसलं तर गोष्ट पातळ होते हे तुला कुणी सांगितलं? व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच (२०१७) खेळ. दोन-अडीच तासांचा आहे, एकही कोडं नाही, अडकायचं कुठंच नाही. त्यात माशांच्या कारखान्यातला एक प्रसंग आहे, कंट्रोलरच्या उजव्या स्टिकने मासा ओढायचा, पात्याखाली मुंडकं कापायचं, पुढं सरकवायचा, परत दुसरा. आणि त्याच वेळी डाव्या स्टिकने त्या पोराच्या डोक्यात चाललेल्या राज्यात एक माणूस फिरवायचा. हळूहळू ते राज्य मोठं होत जातं, पूर्ण स्क्रीन व्यापतं, आणि उजवा हात आपोआप मासे कापत राहतो, तुमचं लक्षही नसतं. त्या पोराचं काय होत होतं ते मला सांगावं नाही लागलं, माझ्या हाताला कळलं. कुठाय यात कोडं?

जुना_खेळाडू:
दोघंही अर्धे बरोबर. आम्ही पॉइंट अँड क्लिकच्या, म्हणजे माउसने वस्तूंवर टिचकी मारत खेळायच्या गेमच्या, जमान्यातले, कोडं गोष्टीत जबरदस्तीने बसवलं की काय होतं ते आम्ही भोगलंय. गेब्रियल नाइट ३ (१९९९) मध्ये मोपेड भाड्याने घ्यायची म्हणून एका माणसाचं सोंग घ्यायचं, त्यासाठी खोटी मिशी पाहिजे, ती चिकटपट्टीने जमवलेल्या मांजराच्या केसांची, चिकटवायची कशाने तर मेपल सिरपने. आणि ज्या माणसाचं सोंग घ्यायचं त्याला मिशीच नाही!! पासपोर्टच्या फोटोवर पेनने काढायची. गोष्ट बिचारी गंभीर, खून, गुप्त पंथ वगैरे, आणि हिरो मांजरामागे फिरतोय चिकटपट्टी घेऊन. कोडं आणि गोष्ट एक असावी हे ऐकायला छान वाटतं, पण शंभरातल्या नव्वदांच्या हातात ते मांजर होतं.

माझ्या मते पोर्टल २ (२०११) अजून पुढे आहे सगळ्यांच्या. तिथं कोडी कोडी म्हणूनच येतात, कारण गोष्टच मुळी चाचणी घेणाऱ्या प्रयोगशाळेत घडते, सोंग नाही. आणि विनोद असा की कोडं नाही सुटलं तरी चाचणी घेणाऱ्या ग्लॅडॉस या मशीनचे टोमणे ऐकायला माणूस तिथंच थांबतो. निन्टेन्डोच्या स्विच या कन्सोलवर २०२२ पासून दोन्ही भाग एकत्र मिळतात. कुणाला पहिलाच गेम सुचवायचा असेल तर हा, मग बाकीची तत्त्वं.

कंट्रोलरवाली:
तुम्ही सगळे कन्सोल हा शब्द नावापुरता वापरताय, मी सोफ्यावर बसून बोलते. टीव्ही आठ फूट लांब असतो. डिस्को एलिझियम गोष्टीला एक नंबर, पण मजकूर इतका की मी टीव्हीसमोर जमिनीवर मांडी घालून खेळले. लोरेलाय अँड द लेझर आइज (२०२४) हा तर उगाच_एक यांच्या तत्त्वाचा अर्कच, एक हॉटेल, काळंपांढरं सगळं, आकडे, साल, आरसे, भूलभुलैया, आणि प्रत्येक कोड्यात ती बाई कोण याचा एक तुकडा. पण त्यात सगळी बटनं एकच काम करतात. मागे जायचं बटन नाही! मेन्यूतून बाहेर पडायचं तर खाली खाली जाऊन ‘बाहेर’ निवडायचं, ३० तासात मी ते किती वेळा केलं असेल. मुद्दाम केलंय म्हणतात, असेल, माझा अंगठा नाही मानत. वही मात्र पाहिजेच, माझी पानं भरली आहेत आणि आता वाचली तर एखाद्या वेड्या माणसाची वही वाटते.

आणि ब्लू प्रिन्स (२०२५). घरात ४५ खोल्या, तुम्हाला ४६वी शोधायचीय, दार उघडलं की तीन खोल्यांपैकी एक निवडायची आणि घर रोज नव्याने मांडायचं. सुंदर आहे, पण कोड्याचं उत्तर माहीत असून जी खोली पाहिजे तीच चार-चार दिवस येत नाही तेव्हा डोकं फिरतं. तिथं गोष्ट अडते ती तुमच्या अकलेमुळे नाही, पत्त्यांसारख्या नशिबाने येणाऱ्या खोल्यांमुळे. मी खेळले तेव्हा चालू दिवस मध्येच सेव्हही होत नव्हता, कन्सोल बंद न करता रेस्ट मोडवर टाकून झोपायचं आणि लाइट जाऊ नये म्हणून प्रार्थना.

उगाच_एक:
@निवांत, माशांच्या प्रसंगाला माझ्याकडे उत्तर नाही, खरंच नाही. मी ‘कोडं’ म्हणत होतो ते बहुतेक चुकीचा शब्द आहे, मला म्हणायचंय खेळणाऱ्याने काहीतरी केल्याशिवाय गोष्ट पुढे कळू नये, आणि ते तिथं आहे. एडिथ फिंच माझ्या बाजूला घेतो मी.

पण शिडीला माफी नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे सोबतचं पात्र. गॉड ऑफ वॉर रॅग्नारोक (२०२२) मध्ये मी खोलीत पाय टाकून अजून मान वर करत नाही तोवर हिरोचा पोरगा सांगून मोकळा, तिकडं कुऱ्हाड मार बाबा. अरे बघू तर दे! कोडं घालायचं नसेल तर नका घालू, घालून उत्तर कानात सांगता म्हणजे काय.

माझी एक साधी परीक्षा आहे. गाईड, म्हणजे उत्तरं लिहिलेली माहिती, उघडून खेळला तर गेममध्ये काय उरतं? अनचार्टेडची कोडी गाईड बघून करा, काहीच फरक पडत नाही, म्हणजे ती कोडी तिथं नसती तरी चाललं असतं. ओब्रा डिन गाईड बघून करा, फॉर्म भरल्यासारखं होईल.

निवांत_रविवार:
थांब थांब, ही परीक्षा तुझ्यावरच उलटते. गाईड बघितल्यावर ज्यात काही उरत नाही तो गेम भक्कम कसा? मग दुसऱ्यांदा खेळतानाही काहीच उरत नाही. तुझा आउटर वाइल्ड्स पूर्ण केलेले सगळे लोक एकच रडगाणं गातात, मेंदू पुसून परत खेळता आला असता तर. मी एडिथ फिंच तीनदा खेळलोय, पुढे काय होणार ते पाठ आहे, तरी त्या बाथटबच्या प्रसंगाला कंट्रोलर खाली ठेवावासा वाटतो. गोष्ट म्हणजे ती, जी माहीत असूनही ऐकावीशी वाटते. जी कळली की संपते ती बातमी.

अर्धवट_सेव्ह:
“जी कळली की संपते ती बातमी” 👏 हे घेतलं मी

बाय द वे गाईडवरून एवढं पाप-पुण्य कशाला. मी विटनेस या बेटावरच्या कोड्यांच्या गेममध्ये (२०१६) ध्वनीवाल्या कोड्यांना सरळ गाईड लावला, मला पक्ष्यांचे सूर ओळखता येत नाहीत, येणारही नाहीत. ५०० च्या वर कोडी आहेत त्यात, चार-दोन बघितली तर बेट बुडत नाही.

जुना_खेळाडू:
@निवांत टाळीचं वाक्य आहे पण खरं नाही. ओब्रा डिन मी तीन वर्षांनी परत खेळलो, नावं निम्मी विसरलो होतो पण कप्तानाच्या केबिनमधलं भांडण आठवत होतं. दुसऱ्यांदा कोडं नव्हतं उरलं, माणसं उरली होती. पहिल्या वेळी मी त्यांच्या बुटांकडं बघत होतो, दुसऱ्या वेळी तोंडाकडं.

आणि दोघांनी मिळून एक गेम घ्या, घोस्ट ट्रिक. मूळचा २०१० चा, निन्टेन्डो डीएसवर होता, २०२३ मध्ये नव्याने सगळ्या कन्सोलवर आला, एस अटर्नी हे वकिलीवरचे गेम करणाऱ्या शू ताकुमीचा. हिरो पहिल्याच दृश्यात मेलेला. कुणी मेलं की त्याच्या मरणाच्या चार मिनिटं आधी जायचं आणि दिवा, सायकल, दार असल्या वस्तूंत शिरून ते मरण टाळायचं. कोडी सोपी, अडकलात तर तीच चार मिनिटं परत. शेवटाला सगळे धागे असे एकत्र येतात की दुसऱ्यांदा खेळताना पहिल्या दृश्यापासून वेगळंच दिसतं. त्यात एक पोमेरेनियन कुत्रा आहे, त्याच्याबद्दल मी काही बोलणार नाही.

कंट्रोलरवाली:
कुत्र्यासाठी +१

मला हात-स्टिकवरून आठवलं, ब्रदर्स (२०१३) कुणीच नाही घेतला? दोन भाऊ, एक डाव्या स्टिकवर, एक उजव्या, एकाच माणसाने दोघांना चालवायचं. सुरुवातीला दोघं एकमेकांवर आपटत राहतात, मग अंगठ्यांना सवय होते कोण कुठला. कोडी अगदी किरकोळ आहेत, पण शेवटाकडं एका ठिकाणी कुठलं बटन दाबायचं हे गेम सांगत नाही, तुम्हाला कळतं, आणि तिथं मी रडले. नुसतं बघणाऱ्याला काहीही वाटणार नाही, हातात कंट्रोलर पाहिजे.

नवीन माणसाला सुरुवात करून द्यायची तर मी चांट्स ऑफ सेनार (२०२३) देते. मनोऱ्यात प्रत्येक मजल्यावर वेगळी भाषा, चिन्हांचा अर्थ ऐकून-बघून लावायचा. तिथंही पानावरची सगळी चिन्हं बरोबर लागली की मगच पक्कं होतं, ओब्रा डिनसारखंच पण मायाळू. खालच्या मजल्यावरचे लोक वरच्यांना काय म्हणतात ते कळतं तेव्हा मनोऱ्याची अख्खी भानगड लक्षात येते. (मध्ये लपून जायचे भाग आहेत ते कंटाळवाणे आहेत, सहन करा.)

अर्धवट_सेव्ह:
आणि दोघं खेळणारे असतील तर इट टेक्स टू. कोडी मस्त, गोष्टीतलं ते बोलणारं पुस्तक असह्य. म्हणजे गोष्ट आणि कोडं वेगळं असूनही गेम चांगला असू शकतो, घ्या, झाला का निकाल 😄

उगाच_एक:
त्या पुस्तकाचं नाव काढू नको. एकट्या त्या पुस्तकामुळे मी माझ्या मतावर ठाम आहे.

@निवांत तुला एक सुचवतो, वाद नाही घालत. ओब्रा डिन एकट्याने नको खेळू. घरातल्या कुणाला तरी शेजारी बसव, गेम न खेळणाऱ्याला. मोठ्या टीव्हीवर चेहरे दोघांना दिसतात, वही त्याच्या हातात दे, कंट्रोलर तुझ्या. तासभरच खेळ. आठवत नाही म्हणालास ना, दुसऱ्याला आठवतं.

निवांत_रविवार:
चार दिवसांनी आलोय. बहिणीला बसवलं. म्हणाली त्या गेमच्या चित्रातले काळे-पांढरे ठिपके बघून डोकं दुखतंय, दहा मिनिटं बसते. रात्री दीडला मी तिला झोपायला पाठवली. ती माणसांच्या ओळखीत माझ्यापेक्षा फार पुढे आहे, मी कोण कशाने मेला बघत बसतो, ती म्हणते हा त्याच्याकडंच का बघतोय सारखा, हे दोघं नक्की मित्र आहेत. आणि निघतात.

मत बदललेलं नाही माझं, एडिथ फिंच तो एडिथ फिंच. पण काल एका झटक्यात तीन पक्के झाले तेव्हा दोघं सोफ्यावरून उठलो. आत्ता सहा झालेत, पुढच्या तिघांपैकी दोन बरोबर असावेत, तिसरा तो टोपीवाला अडलाय. कुणीही काहीही सांगू नका.

जुना_खेळाडू:
टोपीवाले बरेच आहेत.

निवांत_रविवार:
सांगू नका म्हटलं ना!